इतर आवाज

कुकरचं झाकण काही केल्या बसत नव्हतं. रतिलालनं ते आडवं धरलं, तिरपं करून आत घातलं, फिरवलं आणि वैतागून पुन्हा बाहेर काढलं. बायको गेल्यापासून पाच महिने रोज त्याची या झाकणाशी झटापट चालली होती. प्रमिला ते एका हातानं, दुसरीकडे बघत बसवायची. कसं, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

ऋतिका आली तेव्हा तो झाकणाला शिव्या घालत होता. जळगावहून यायला तिला आज उशीर झाला होता. तिनं चपला काढल्या, पण पाठीवरची बॅग काढली नाही. तशीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

“नाना, आईचं रेकॉर्डिंग चालणार नाही.”

“काय चालणार नाही?”

“रेकॉर्डिंग. मॅडम म्हणाल्या, प्रोजेक्टमध्ये घेता येणार नाही. बाद.”

“किती बाद?”

“सगळं. अकरा तास.”

रतिलालनं झाकण ओट्यावर आपटलं.

“माणूस गेलं, आता तिचं बोलणंबी बाद? कुठची आहे ही मॅडम?”

“धुळ्याची.”

“मंग तिले तर समजायला पाहिजे. तुही आई तिकडचंच तर बोलत होती.”

“समजतं त्यांना. म्हणूनच म्हणाल्या.”

“आवाज नीट आला नसंल. मी तवाच म्हणत होतो, चांगलं मशीन आण. तुमचं आपलं मोबाइलवर.”

“आवाज चांगला आलाय, नाना. जास्तच आलाय. मागचे आवाज आलेत.”

“कशाचे?”

ऋतिकानं त्याच्या पुढ्यातलं झाकण उचललं, कुकरमध्ये घातलं आणि पहिल्याच वेळी बसवलं. गॅस पेटवला.

“असेच,” ती म्हणाली. “घरातले.”

मग ती हातपाय धुवायला गेली आणि बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

रतिलालला या शिक्षणाचा पहिल्यापासून वैताग होता. पोरगी हुशार. बारावीला चांगले मार्क पडलेले. कृषी कॉलेजात गेली असती तर घरच्या केळीला उपयोग झाला असता. तिनं भाषाविज्ञान घेतलं. चार वर्षांचं बी.ए., आणि चारही वर्षं मुख्य विषय हाच. प्रमिलानं तिची बाजू घेतली होती. ‘तिले आवडतं ना, मंग झालं,’ एवढंच ती म्हणाली होती आणि त्यावर ती दोन दिवस हटून बसली होती. लग्नाच्या एकतीस वर्षांत ती अशी हटून बसल्याचं त्याला दुसरं आठवत नव्हतं.

तेव्हापासून, मुलगी काय शिकते असं कुणी विचारलं की त्याची पंचाईत व्हायची. शेजारच्या मळ्यातल्या अमृतनं तर त्यावरून त्याचा पिच्छाच पुरवला होता.

“भाषेत बी.ए. म्हणजे कोणत्या भाषेत, भाऊ? मराठी का इंग्रजी?”

“कोणत्याच नाही. भाषा कशी असते, त्याचं शिक्षण आहे ते.”

“म्हणजे केळी लावायची नाही, कापायची नाही, विकायची नाही. बांधावर बसून केळीकडे बघायचं.”

“तसंच समज.”

“बरं आहे. घाम तरी येत नाही.”

चौथ्या वर्षासाठी प्रोजेक्ट होता. प्रमिलाचं माहेर शिरपूरजवळचं. तिकडं घरोघर अहिराणी. इकडं यावलचं बोलणं निराळं. लग्न होऊन दुसऱ्या बोलीच्या गावात आलेल्या बाईकडे माहेरची बोली किती उरते, असा ऋतिकाचा विषय होता. त्यासाठी एकाच बाईचं बोलणं भरपूर घ्यायचं आणि अक्षर न् अक्षर लिहून काढायचं. बाई घरातच होती. मे महिन्यात ऋतिका आईला घेऊन रोज दुपारी मधल्या खोलीत बसायची. कूलर बंद, पंखा बंद, कारण त्यांचा आवाज येतो. मायलेकी घामानं निथळायच्या आणि बोलत राहायच्या. उन्हामुळे रतिलालही दुपारी मळ्यातून घरी आलेला असायचा. त्याला कूलर बंद ठेवायला लागायचा, याचाही तेव्हा त्याला राग यायचा.

ऑगस्टमध्ये प्रमिला गेली. पहाटे छातीत कळ आली, भुसावळला नेलं, दुपारी संपलं.

जानेवारीच्या शेवटी प्रोजेक्ट द्यायचा होता. तो दिला नाही तर पोरीचं वर्ष जाणार. दुसरी बाई बघून पुन्हा अकरा तास बोलणं घ्यायचं, लिहून काढायचं, तर तीन आठवड्यांत ते होणारं नव्हतं. रतिलालला हे सगळं कळत होतं. पण जेवताना त्याच्या डोक्यात ते नव्हतं. त्याला ‘बाद’ हा शब्द खुपत होता. केळीचा घड डागी निघाला की व्यापारी बाजूला टाकतो, तेव्हा तो शब्द वापरतो.

“उद्या मी येतो तुह्यासंगं,” तो म्हणाला.

“कशाला? मॅडम चांगल्या आहेत.”

“मंग चांगल्या बाईले भेटायले काय हरकत आहे?”

“नाना, भांडू नका तिथं.”

“मी कधी भांडलो?”

ऋतिकानं वरणाचा भुरका मारला.

*

सकाळी स्टँडवर अमृत भेटला. रतिलालच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता.

“सोयरीक बघायला का, भाऊ?”

“कॉलेजात चाललो.”

“तुमचीबी ॲडमिशन घेऊन टाका. बोलायचंच शिक्षण आहे, तुमचा पहिला नंबर.”

एस.टी. आली म्हणून अमृत सुटला. भुसावळपर्यंत रतिलाल मनात वाक्यं जुळवत होता. बोलणारी बाई खरी, तिचं माहेर खरं, आवाज चांगला आलेला, मग बाद कशासाठी? नियम दाखवा. लेखी द्या. ऋतिका खिडकीकडे तोंड करून बसली होती. साकेगाव गेल्यावर ती एकदम म्हणाली,

“नाना, आपण परत जाऊ या का? मी पुढच्या वर्षी देईन.”

“पुढच्या वर्षी काय तुही आई येणार आहे बोलायला?”

ती पुन्हा खिडकीकडे वळली. आपण फार जोरात बोललो, हे पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं.

भाषाविज्ञानाचा विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती. दोन कपाटं, चार खुर्च्या, एक टेबल. दिपमाला मॅडम पस्तिशीच्या असतील. त्या चष्मा लावलेल्या, कडक असतील असं रतिलालला वाटलं होतं. त्या तशा नव्हत्या. त्यांनी उठून त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ऋतिकाकडे पाहिलं. ऋतिकानं मान हलवली. काहीतरी ‘नाही’ असं.

“मॅडम, माझं असं म्हणणं आहे,” रतिलालनं सुरुवात केली, “की माझ्या पत्नीचं बोलणं हे अस्सल आहे. त्या शिरपूरकडच्या होत्या. आपण ते कोणत्या नियमाखाली नाकारलं, याचा मला खुलासा पाहिजे.”

ऋतिकानं त्याच्याकडे चमकून पाहिलं. घरी तो कधी ‘पत्नी’ म्हणाला नव्हता, की ‘खुलासा’. नजर खाली घालून ती बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

“काकू अस्सल बोलत होत्या, यात शंकाच नाही, काका,” मॅडम म्हणाल्या. “अडचण त्यांची नाही. रेकॉर्डिंगमध्ये दुसरे आवाज आहेत. त्यांच्यामुळे काकूंचं बोलणं बदलतं. ऋतिकाचा विषय त्या माहेरचं किती बोलतात, हा होता. ते या रेकॉर्डिंगवरून सांगता येत नाही.”

“आवाज म्हणजे कशाचे? आमच्याकडे बकऱ्या आहेत. मोटार चालते. खेडं आहे, मॅडम. तुम्हाला शांत जागा पाहिजे असेल तर देवळात जा.”

“बकऱ्यांनी काही बिघडत नाही.”

“मग?”

“नाना, चला,” ऋतिका म्हणाली. “झालं आता.”

“काय झालं? मी दोन एस.ट्या बदलून आलो. मला ऐकू द्या. माझ्या घरातले आवाज आहेत, मला ओळखू येतील.”

मॅडमनी एकदा ऋतिकाकडे पाहिलं. मग लॅपटॉप उघडून त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर आडव्या दोन पट्ट्या होत्या. वरच्या पट्टीसमोर लिहिलं होतं ‘सांगणारी’. त्यात निळे तुकडे. खालच्या पट्टीसमोर लिहिलं होतं ‘इतर आवाज’. त्यात नारिंगी तुकडे. निळ्याखाली जागोजाग नारिंगी होतं.

“डोळा. आई, तीनदा सांग,” लॅपटॉपमधून ऋतिकाचा आवाज आला.

“डोया,” प्रमिला म्हणाली. “डोया. डोया.”

रतिलालनं खुर्चीचा हात धरला. पाच महिन्यांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता. तो टेबलाच्या इतक्या जवळून आला की त्यानं नकळत पुढं वाकून पाहिलं. त्याला हसूही आलं. तीच ती. शब्द संपवताना किंचित ओढणारी.

मग दुसरा आवाज आला. दुरून, पण मोठा.

“एकदा सांगितलं ना! बहिरी आहे का तुही पोरगी? अन् डोया काय, डोया? डोळा म्हण. कॉलेजातले लोक ऐकतील, काय म्हणतील?”

“डोळा,” प्रमिला म्हणाली.

मॅडमनी थांबवलं. बाहेर व्हरांड्यातून पोरं धावत गेली.

“ही चेष्टा आहे,” रतिलाल म्हणाला. “घरात माणूस बोलतोच.”

“बोलतोच, काका. पण त्यानंतर त्या दिवशी काकू तुमच्याकडचेच शब्द सांगत राहिल्या. गळा, कपाळ, तळहात, सगळे. ऋतिकानं खूणही केली त्यांना, तरी.”

“एका दिवसाचं झालं. अकरा तास मी काय बोलतच होतो? मला कामं नाहीत?”

मॅडमनी दुसरी फाइल लावली. तिच्यात तो चहा मागत होता. तिसरीत पोरीला विचारत होता की हे लिहून सरकारला कळवणार आहेस का. चौथीत पंखा लावा म्हणत होता. आणखी एकीत प्रमिला चटणी कशी करायची ते सांगत होती आणि तो मधेच येऊन, तसं नसतं, असं म्हणून स्वतःच सांगायला लागला होता. उरलेली सगळी चटणी त्यानंच सांगितली होती. रतिलाल ऐकत होता. आपला आवाज असा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. हा कोण माणूस सारखा मधे कडमडतोय, असं त्याला वाटायचं आणि पुढच्याच क्षणी तो माणूस ओळखू यायचा. त्याला मॅडमचा राग येत होता, पोरीचा येत होता आणि लॅपटॉपमधल्या त्या माणसाचा तर फारच.

“यातली सगळ्यात चांगली कोणती?” तो चिडून म्हणाला. “जिच्यात तिला बोलू दिलंय, अशी लावा.”

मॅडमनी यादीवर बोट फिरवलं.

“सातवी नको, मॅडम,” ऋतिका म्हणाली.

“का नको?” रतिलाल म्हणाला. “सातवीच लावा.”

सातवीची सुरुवात छान होती. प्रमिला भरभर बोलत होती, मधे मधे स्वतःच हसत होती.

“आम्ही बठ्ठ्या पोरी ट्रकमा बशीसन धुयाले गयतूत. खो-खो खेयाले. मी बारीक व्हतू ना, माले कोणीच धरू शकेना. मना पायले लागेल व्हतं, तरी मी पयनू. मंग बाईसनी माले उचली लिधं, आनि—”

दार वाजलं. चपलांचा आवाज आला. दोन, तीन पावलं. बोलणं थांबलं.

“आणि काय, आई?”

“काही नाही. मंग आम्ही परत आलो.”

“पण बाईंनी तुला उचललं, ते का?”

“काही नाही वं. आलो परत.”

मॅडमनी थांबवलं.

“इथं तुम्ही अजून बोललाही नाहीत, काका,” त्या हळू म्हणाल्या. “नुसत्या चपला वाजल्या. तेवढ्यात काकूंनी बोलीही बदलली आणि गोष्टही आवरती घेतली. अशा एकोणीस जागा आहेत.”

रतिलाल पडद्याकडे बघत होता. निळा तुकडा जिथं तुटला होता तिथं खाली अजून काही नव्हतं. त्याच्या पुढं एक लांब नारिंगी तुकडा होता.

“ते पुढचं काय आहे?”

ऋतिकानं लॅपटॉपवर हात ठेवला.

“नाना, पुढं तसलंच आहे.”

“हात काढ.”

“नाना—”

“काढ म्हणतो ना.”

तिनं हात काढला आणि उठून खिडकीशी गेली.

“कोण खो-खो?” रतिलालचा आवाज आला. आता तो अगदी जवळ होता. “ही? दोन पायऱ्या चढली तर धापा टाकते ही! काल धान्याचा डबा वर ठेवला अन् दहा मिनिटं बसून राहिली. अन् खो-खो खेळते म्हणे!”

तो हसत होता. मग प्रमिलाही हसली. मोबाइल तिच्याजवळच ठेवलेला असणार. हसताना तिला मधेच थांबावं लागलं आणि तिनं ओढून घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू आला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

“चहा ठेवू का?” ती म्हणाली.

तिथं ती फाइल संपली.

भुसावळला डॉक्टरांनी रतिलालला विचारलं होतं, यांना आधी कधी दम लागत होता का, चढताना, काम करताना? तो म्हणाला होता, नाही. चांगली होती हो. काल रात्री स्वयंपाक केला तिनं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. त्यानं आठवून सांगितलं होतं की नाही.

ऋतिका तेव्हा तिथंच, त्याच्या शेजारी उभी होती; तिलाही काही आठवलं नव्हतं. पण ही फाइल तिनं लिहून काढायला घेतली, ती दिवाळीनंतर. कानात हेडफोन घालून ती मधल्या खोलीत बसलेली असायची आणि तो जेवायला हाक मारायचा. दोन-दोन हाका मारल्याशिवाय यायची नाही. त्यावरूनही तो तिला बोलला होता.

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“मग आता बादच ना?” तो म्हणाला. हे त्यानं आपल्या नेहमीच्या आवाजात विचारायचं ठरवलं होतं.

मॅडम ऋतिकाच्या पाठीकडे बघत होत्या.

“जुन्या विषयासाठी बाद,” त्या म्हणाल्या. “विषय बदलला तर नाही. नवरा जवळ असला की बाईची बोली कशी बदलते, असा विषय घेतला तर हे सगळं उपयोगी आहे. असं रेकॉर्डिंग मुद्दाम करायला गेलं तर मिळत नाही. तीन आठवड्यांत लिहून होईल, तिची तयारी झालेलीच आहे. पण मग तुमचा आवाजही अभ्यासात येतो, काका. त्यासाठी तुमची लेखी संमती लागते. मी ऋतिकाला हे गेल्या आठवड्यातच सांगितलं. ती नाही म्हणाली.”

“कोण नाही म्हणाली?”

“मी,” खिडकीतून ऋतिका म्हणाली.

“मले न विचारता?”

“काय विचारायचं होतं?” ती वळली. “हे ऐका, आणि सही करा, आणि मग मी हे वर्गात सगळ्यांना ऐकवते, असं विचारायचं होतं?”

“वर्ष गेलं असतं तुहं!”

“जाऊ दे ना मग.”

“जाऊ दे काय? एवढी शिकली-सवरलेली पोरगी, अन् अक्कल काडीची नाही! रोज जळगाव-यावल करते, रात्रंदिवस त्या मशीनमध्ये डोकं घालून बसते, अन् जाऊ दे? घरी येऊन मले सांगते, मागचे आवाज आले. घरातले आवाज!” त्याचा आवाज खोलीत मावेना. “सरळ सांगायचं ना, तुमचे आवाज आले म्हणून!”

“सांगितलं असतं तर आलाच असता ना ऐकायला,” ती म्हणाली. “आताही आलाच.”

व्हरांड्यातून जाणारा शिपाई दारात थबकला, आत डोकावला आणि पुढं गेला. रतिलाल खाली बसला. आपण उभे होतो, हे त्याला बसताना कळलं.

“कुठं आहे तो कागद?” तो मॅडमना म्हणाला.

कागद दोन पानी होता. त्यानं तो वाचायला घेतला. माझे बोलणे ध्वनिमुद्रित स्वरूपात अभ्यासासाठी, लेखनासाठी व वर्गात ऐकवण्यासाठी वापरण्यास. माझे नाव गुप्त ठेवले जाईल. मला कोणत्याही वेळी. छपाई इतकी बारीक होती की त्याला दोनदा मागं जावं लागलं.

“नाव गुप्त कशाला? चोरी केली का?”

“नावं देत नाहीत, काका. काकू ‘भाषक एक’ आणि तुम्ही ‘भाषक दोन’.”

“तिच्या कागदाचं काय?”

“काकूंनी मे महिन्यातच सही केलेली आहे. पहिल्या दिवशी.”

हेही त्याला माहीत नव्हतं. त्यानं मान डोलावली.

“सातव्या फाइलमधला तो शेवटचा भाग वगळता येईल,” मॅडम म्हणाल्या. “नियमात बसतं. इथं खाली तशी जागा आहे. तुम्हाला जो भाग नको असेल, तो लिहायचा.”

खाली खरंच जागा होती. तीन रिकाम्या ओळी. रतिलालनं पेन हातात घेतलं. ऋतिका खिडकीपाशीच होती, पण आता तिचं तोंड इकडं होतं. त्यानं त्या तीन ओळींवर पेनाचं टोक ठेवलं. मग उचललं.

“राहू द्या,” तो म्हणाला.

“नक्की?”

“राहू द्या म्हटलं ना. त्या तीन ओळींत काय मावणार आहे?”

त्यानं सही केली. पेन पहिल्यांदा उमटलं नाही. त्यानं ते झटकलं, पुन्हा गिरवलं, आणि कागदाला भोक पडलं. “पेनं तरी बरी ठेवा,” तो मॅडमवर खेकसला. मॅडमनी दुसरं पेन दिलं.

सह्या झाल्यावर मॅडम म्हणाल्या की तुलना करायला एक फाइल आहे, त्यामुळे काम सोपं जाईल.

“कसली तुलना?”

“तुम्ही नसताना काकू कशा बोलतात, त्याची. नवव्या फाइलमध्ये इतर आवाज अजिबात नाहीत. त्या दिवशी तुमच्याकडे केळीची कटाई होती, असं ऋतिकानं नोंदवलंय.”

रतिलालला तो दिवस आठवला. ट्रक उशिरा आला होता, माणसं कमी आली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मळ्यातच होता आणि डबाही त्यानं तिथंच मागवून घेतला होता.

मॅडमनी ती फाइल पडद्यावर आणली, पण वाजवली नाही. वरची पट्टी इकडून तिकडं निळी होती. खालची मोकळी.

“किती वेळाची?”

“चाळीस मिनिटं.”

“काय बोलते?”

उत्तर ऋतिकानं दिलं.

“बोलते, नाना. मला मधे काही विचारावंच लागलं नाही. ऐकता?”

रतिलालनं पडद्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

“इथी नको,” तो म्हणाला. “मोबाइलमध्ये टाकून दे.”

*

ऋतिकानं प्रोजेक्ट वेळेत दिला. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी दोन तास प्रश्न विचारले, असं तिनं सांगितलं. भाषक दोनबद्दल काय विचारलं, ते तिनं सांगितलं नाही आणि रतिलालनं विचारलं नाही. मार्क चांगले पडले. अमृत पेढा खाऊन म्हणाला, “बघितलं, केळीकडे नुसतं बघूनबी पीक येतं.” रतिलालनं त्याला दुसरा पेढा दिला नाही.

घरात आता तो कमी बोलतो. ऋतिका काही सांगायला लागली की मधे तोंड घालायचं नाही, असं त्यानं ठरवलं आहे. ते त्याला जमत नाही. चौथ्या वाक्याला तो बोलतोच, आणि मग स्वतःवरच करवादतो. ती थांबते, त्याचं होऊ देते आणि मागच्या शब्दापासून पुन्हा सांगायला लागते.

मध्यंतरी त्यानं शिरपूरला मेहुणीला, भागाबाईला फोन करून विचारलं की प्रमिला शाळेत खो-खो खेळायची का. भागाबाई म्हणाली, “खेये ना. बठ्ठा तालुकामा तिनं नाव व्हतं. काबर हो, भाऊ?” तो म्हणाला, सहज. धुळ्याला बाईंनी तिला उचलून का घेतलं होतं, ते भागाबाईला माहीत नव्हतं. ती तेव्हा लहान होती.

नवव्या फाइलबद्दल ऋतिकानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, मळ्यात गडबड होती. दुसऱ्यांदा म्हणाला, मोबाइलचा आवाज बारीक येतो. तिनं त्याला इअरफोन आणून दिले. ते कानात बसत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे.

दुपारी केळीत कुणी नसतं. माणसं जेवायला गेलेली असतात, मोटारही बंद असते. तेव्हा तो एखाद वेळी बांधावर बसून मोबाइल काढतो आणि ती फाइल शोधतो. ती लगेच सापडते. तो तिच्याकडे बघत बसतो. मग पानं वाजतात, किंवा वाजल्यासारखी वाटतात, आणि तो मोबाइल खिशात घालून कामाला लागतो.

चाळीस मिनिटांतलं एक मिनिटही त्यानं अजून ऐकलेलं नाही.